‘कोणी काढले’चा रकाना

सर,

एक गोष्ट मी तुमच्यापासून सहा वर्षं लपवून ठेवली होती. ती सांगायची म्हणून दर मे महिन्यात मी रत्नागिरीला यायचं ठरवत असे आणि दर मे महिन्यात संस्थेत काहीतरी महत्त्वाचं काम काढून बसत असे. मागच्या बुधवारी काकूंचा फोन आला. "अगो, सर गेले तुझे. सकाळी चहा घेतला नि खुर्चीतच मान टाकली." ते ऐकल्यावर मला आधी रडू आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. आता सांगावं लागणार नाही, असं. खरं तेच लिहायचं हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून हेही लिहिते. त्या क्षणाची मला अजून शिसारी येते.

रडू नंतर आलं, घाट उतरताना, एसटीत. शेजारच्या बाईंनी विचारलं, "वडील काय हो?" मी मान हलवली. ना हो, ना नाही.

तुमच्यामाझ्यातलं भांडण एका शब्दापासून सुरू झालं, आठवतं? अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये. माझा एम.एस्सी.चा निकाल लागला होता. आपल्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्र विभागाला विद्यापीठाने संशोधन केंद्र म्हणून मान्यता दिलेली, आणि तुम्ही मनाशी ठरवूनच टाकलेलं की मी, तुमची आग्रे, इथेच तुमच्याकडे पीएच.डी. करणार. दोन खोल्या, एक कुरकुरणारा फ्रीज आणि ज्याची किल्ली शिपायाच्या कमरेला असायची असं एक कपाट, एवढं ते केंद्र. मला घाटावरच्या संशोधन संस्थेत जागा मिळाली होती. ते सांगायला मी आले तेव्हा तुम्ही सूक्ष्मदर्शकाचं भिंग पुसत होतात.

"तिथे शिकवावं लागत नाही ना?" तुम्ही विचारलंत.

"नाही सर. नुसतं संशोधन."

"नुसतं?"

"म्हणजे तास नाहीत, परीक्षा नाहीत, पेपर तपासणं नाही."

"मग तुला प्रश्न कोण विचारणार?"

"कसले प्रश्न?"

"कसलेही," असं म्हणून तुम्ही पुन्हा भिंग पुसायला लागलात. मला राग आला. संगमेश्वराच्या आतल्या बाजूच्या गावातून, भात नि नाचणी पिकवणाऱ्या घरातून निघून एक मुलगी इथवर पोचली होती. तिला शाबासकी द्यायची सोडून तुम्ही ‘नुसतं’ या शब्दाचा कीस पाडत बसलात. मी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि निघाले. तुम्ही पेढा खाल्लात की नाही, हे मला अजून माहीत नाही.

पुढे ते भांडण रविवारच्या फोनवर चालू राहिलं. सर, माझी बाजू अगदीच लंगडी नव्हती, हे आज तरी कबूल करा. आंब्याचा हंगाम आणि विद्यापीठाच्या परीक्षा नेमक्या एकाच वेळी येतात. तुमच्या नोंदवह्या मी बघितल्या आहेत. फेब्रुवारीपर्यंत रोजच्या रोज नोंद, आणि मग बाग ऐन भरात आली की पान कोरं. कोऱ्या पानावर तुमच्याच अक्षरात एकच शब्द: ‘परीक्षा’. दर वर्षी. कोणी हुशार पोरगी दोन वर्षांत हाताशी यावी, तर तिचं शिक्षण संपायचं, नाहीतर लग्न ठरायचं, आणि जूनमध्ये तुम्ही पुन्हा पहिल्यापासून पान-फूल-खोड. मला संस्थेत स्वतंत्र खोली होती. घंटा नव्हती. एकच प्रश्न घेऊन वर्षानुवर्षं बसायची मुभा होती. आमचे उपकरणवाले तर यंत्राला ताप आल्यासारखे त्याच्या उशाशी बसून असायचे.

"आहे ना," तुम्ही म्हणायचात, "सगळं आहे तुझ्याकडे. तुमच्याकडे सगळ्यांना सगळं माहीत असतं, हीच पंचाईत. माझ्याकडे दर जूनला चाळीस जणं येतात नि त्यांना काही म्हणता काही माहीत नसतं. त्यातलं एखादं असं काही विचारतं, की मी फळ्याकडे तोंड करून उभा राहतो."

मी हसायचे. मला वाटायचं, हातात साधनं नसलेल्या माणसाचं हे समाधान आहे.

मग साक्याचा प्रकल्प आला. हापूस वरून बघावा तर दृष्ट लागेल असा, आणि कापला की आत पांढरट, भुसभुशीत, आंबट डाग. तो साका. बागायतदाराची मान खाली जाते त्या एका डागाने. संस्थेने तो विषय घेतला, माझ्याकडे सोपवला, आणि बागांतल्या नोंदींसाठी मी तुमचा विभाग सुचवला. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! साका मोजणारं माझं यंत्र आणि तुमची मुलं. भांडण मिटवायची याहून चांगली रीत मला सुचली नसती.

मालगुंडच्या बागेतली ती सकाळ मी विसरणार नाही. तुमच्या सात-आठ विद्यार्थिनी कलमांखाली वह्या घेऊन बसलेल्या. बागेतले जुने गडी धोंडूतात्या वरून घळीने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने, एकेक फळ अलगद उतरवत होते आणि आणे सांगत होते. झाडावर पूर्ण तयार झालेलं फळ सोळा आणे, आणि काढायचं ते चौदा आणे तयार असताना. खांदे भरले, देठापाशी खळगा पडला, रंग जरा निवळला, की गडी म्हणणार चौदा. मुली लिहीत होत्या: बाग, झाड, तारीख, आणे. तेवढ्यात रेश्मा उठून उभी राहिली. बाग तिच्याच वडिलांची, आणि आजोळ पावस गावचं.

"सर, कोनी काढला ता लिवायचा नाय काय?"

"कशाला गो?"

"तात्यांचं चवदा नि पावसच्या माज्या मामाचं चवदा येक नाय ना."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. तिच्याकडे बघत राहिलात, आणि मग खिशातली सहा इंची पट्टी काढून प्रत्येकीच्या वहीत स्वतः उभी रेघ मारलीत. वर मथळा घातलात: ‘कोणी काढले’. धोंडूतात्या झाडावरून ओरडले, "मास्तर, माजा नाव पुरा लिवा हां." तीन हंगाम तो रकाना प्रत्येक पानावर भरला गेला.

आणि मी तो टाकून दिला.

कसा टाकला तेही सांगते. आमच्या संस्थेच्या तक्त्यात नऊ रकाने होते. माणसाच्या नावाला जागा नव्हती. तुमच्या वह्या मी तक्त्यात उतरवायला बसले तेव्हा दहावा रकाना कुठे बसेना, म्हणून सोडला. शिवाय ‘आणे’ म्हटल्यावर आमच्या खोलीत हशा पिकला होता. "आंबे नाण्यांत मोजता का तुम्ही कोकणातले?" त्या हसण्याची मला लाज वाटली. मग मी आण्यांचे टक्के केले. सोळाला शंभर, तर चौदाला साडेसत्त्याऐंशी. पुढे दशांश चिन्ह आलं आणि हसणं थांबलं. घाटावर जन्मलेल्या माणसाने आधी विचारलं तरी असतं की बाई, आणे म्हणजे काय. आणि बागायतदाराच्या पोरीने हा गाढवपणा केला नसता. तो मीच करू शकत होते. आमच्या गावात दोन रायवळ आंबे, तेही दगड मारून पाडायचे. आणे मी फक्त कानाने ऐकले होते. मला वाटायचं, चौदा म्हणजे चौदा.

आकडे अर्थातच जुळेनात. एका बागेतल्या साडेसत्त्याऐंशी टक्क्यांच्या फळांत साका भरभरून, दुसऱ्या बागेतल्या तेवढ्याच टक्क्यांच्या फळांत शोधून सापडेना. बैठकीत आमचे संचालक शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे आकडे तुमच्या गुरुजींचे आहेत म्हणून ठेवायचे का?" माणूस वाईट नव्हता. प्रश्नही रास्त होता. पण तो मला झोंबला, आणि झोंबल्याच्या भरात मी एक पानी टिपण लिहिलं. विद्यार्थ्यांनी घेतलेल्या नोंदी एकसारख्या नाहीत, परिपक्वतेचं मोजमाप विश्वासार्ह मानता येत नाही, त्या वगळाव्यात. "याची प्रत विद्यापीठालाही जाईल," संचालक म्हणाले. "त्यांच्या केंद्राच्या मान्यतेच्या नूतनीकरणाचं काम चालू आहे." मी ऐकलं. नीट ऐकलं, सर. त्या प्रतीचं काय होणार हे कळण्याइतकी मी शहाणी होते. मी पेनचं टोपण काढलं आणि सही केली.

मान्यता गेली. रेश्माचं नाव त्याच जूनमध्ये पीएच.डी.ला नोंदवायचं होतं, ते राहिलं. ती वडिलांची बाग बघायला लागली. तुम्ही निवृत्तीपर्यंत पान-फूल-खोड शिकवत राहिलात, आणि संशोधनाच्या दोन खोल्यांपैकी एकीत परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले.

तो फोन आठवतो? तुम्ही रविवार सोडून कधी करत नसायचात, त्या दिवशी मंगळवार होता.

"आग्रे, केंद्र बंद झालं."

"अरे! असं कसं झालं?"

मी टिपणात जे लिहिलं ते एक वेळ चूक म्हणता येईल. पण तो ‘अरे’ चूक नव्हता. तो मी विचार करून उच्चारला होता.  मग म्हणालात, "काही नाही. पेपर तपासायचेत," आणि फोन ठेवलात.

पुढच्या हंगामात तुमची पेटी आली. त्याआधी तुम्ही कधी पेटी पाठवली नव्हतीत. कोणा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडलेली, पेंढ्यात नीट रचलेली, दोन थरांत. मधे जाड कागद आणि प्रत्येक थरावर एक चिठ्ठी. वर ‘पावस, गणपत, १४ आणे’. खाली ‘मालगुंड, धोंडू, १४ आणे’. मी चिठ्ठ्या पेंढ्याबरोबर फेकल्या आणि मनातल्या मनात नाचले. सरांना माहीत नाही! माहीत असलेला माणूस आंबे कशाला पाठवेल? पाच वर्षं, पाच पेट्या. प्रत्येक वेळी मी हाच हिशोब केला आणि आंबे संस्थेत वाटून खाल्ले.

"सर, तुमची पेटी एकदम पिकत नाही," एकदा मी फोनवर लाडात तक्रार केली. "वरचे चार दिवसांत मऊ पडले, खालचे अजून दगड."

"लिहून ठेवतेस का, कुठला कधी पिकला?"

"सर! संस्थेत कामं असतात हो."

"हो ना. तुम्हाला नुसतं संशोधन," तुम्ही म्हणालात. मी हसले. तुम्हीही हसलात, मला तसं वाटलं.

काल काकूंनी तुमचं कपाट उघडून दिलं. "तुझ्याच वह्या आहेत म्हणे ह्या. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत." तीन हंगामांच्या वह्या, खाकी कव्हर घालून, वर मुलींची नावं. सगळ्यात खाली एक प्लॅस्टिकची फाइल. तिच्यात माझं टिपण, विद्यापीठाच्या पत्राला जोडून आलेलं.

मी तिथेच जमिनीवर बसले. काकू म्हणाल्या, "चक्कर आली काय गो? पाणी देऊ?"

तुम्ही ते तपासलं होतंत, सर. लाल शाईने, जसं प्रयोगवही तपासायचात तसं. दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते. ‘साडेसत्त्याऐंशी टक्के’ याच्याखाली दुहेरी रेघ आणि समासात एकच शब्द: ‘कोणाचे?’ आणि शेवटी, माझ्या सहीच्या खाली, आम्हा सगळ्यांना पाठ असलेला तुमचा शेरा: ‘पुन्हा करा.’ तुम्ही कधी कोणाच्या वहीत ‘चूक’ लिहिलं नाहीत. ‘पुन्हा करा’ लिहायचात, तारीख घालायचात, आणि सही करायची नाही. दुरुस्त करून आणलं की मग सही. टिपणावरही तारीख होती, सही नव्हती. तारीख होती सोमवारची. त्या मंगळवारच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. फोन लावलात तेव्हा माझं टिपण तुमच्या समोर होतं. तुम्ही मला बोलायला जागा करून दिलीत आणि मी त्या जागेत ‘अरे’ ठेवला.

आणि मग पेट्या. जमिनीवर बसल्याबसल्या मला पेट्या कळल्या. क्षमा नव्हती ती, आणि अजाणपणा तर नव्हताच. वरच्या थरात एकाचं चौदा, खालच्या थरात दुसऱ्याचं चौदा. गणपत म्हणजे रेश्माचे पावसचे मामा; त्यांचं चौदा भरलेलं, कारण त्यांचा आंबा इथल्या इथे खपतो. धोंडूतात्यांचं चौदा जरा अलीकडचं, कारण त्यांच्या बागेतला माल लांब पाठवायचा असतो. भरलेल्या फळात साका जास्त, अलीकडच्यात कमी. तुमच्या वह्यांमधला गोंधळ हा गोंधळ नव्हताच. तेच उत्तर होतं, आणि त्याची किल्ली मी टाकून दिलेल्या रकान्यात होती. तुम्ही पाच वर्षं तो प्रयोग पेंढ्यात बांधून माझ्या टेबलावर पाठवत होतात आणि मी तो वाटून खात होते.

सर, आता मी रागावणार आहे, रागावू द्या. एक वाक्य का नाही बोललात? "आग्रे, तू हे काय लिहिलंस?" एवढं विचारलं असतंत तर मी त्या मंगळवारीच मोडून पडले असते आणि तुमच्या विभागासाठी विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवल्या असत्या. रेश्माचं वय तेव्हा बावीस होतं. तुम्ही माझी वाट बघत बसलात, पण वाट तिची गेली. मी वही पुन्हा आणीन म्हणून थांबणं हे मास्तराला शोभतं, पण मी तेव्हा तुमच्या वर्गात नव्हते. मी अशा ठिकाणी होते जिथे कोणी कोणाची वही मागे पाठवत नाही. हे तुम्हीच तर मला पहिल्या दिवशी सांगितलं होतंत.

आणि तरीही सांगते, माझ्या यंत्राशिवाय तुमचा तो रकाना वहीतच राहिला असता. दोन्ही लागतं, सर. घंटा नसलेली खोली लागते आणि काही माहीत नसलेली चाळीस जणंही लागतात. हे वाक्य तुम्ही मला पुरं करू दिलं नसतंत, मधेच काहीतरी खोच काढली असती. ती खोच कुठली असती हे मी कालपासून शोधते आहे.

आज सकाळी मी संस्थेला पत्र टाकलं. ते टिपण चुकीचं होतं, मी मागे घेते, वह्यांतले सगळे रकाने पुन्हा उतरवणार आहे, आणि याची प्रत विद्यापीठालाही जावी. संचालक आता दुसरे आहेत. काय म्हणतील माहीत नाही. मग मालगुंडला गेले. रेश्माने मला ओळखलं, ‘बसा’ म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. टिपण, सही, ‘अरे’. ती ऐकत होती आणि हाताने पेटीतला पेंढा सारखा करत होती.

"सरांनी मला सांगितला होता," ती शेवटी म्हणाली. "तवाच. बोलले, ती येईल. तू रागावू नको, ती पुन्हा करील."

मला तिच्याकडे बघवेना. ती आत जाऊन बादलीभर पाणी घेऊन आली. धोंडूतात्यांना आता झाडावर चढवत नाही. त्यांनी खालूनच घळ लावली, एक फळ उतरवलं, हातात फिरवलं आणि म्हणाले, "ह्यो चवदा." मामांनी पावसहून पाठवलेल्या पाटीतला एक आंबा रेश्माने काढून ठेवला होता, त्यांच्या हिशोबाने चौदा. भरलेलं फळ पाण्यात बुडतं, अलीकडचं तरंगतं; आम्ही दोन्ही पाण्यात सोडले. तात्यांचा वर तरंगत राहिला. मामांचा हळूहळू तळाशी गेला.

रेश्माने नवी वही आणली होती. मी पट्टीने रेघा मारल्या, दहा रकाने केले आणि दहाव्यात दोन्ही नावं पुरी लिहिली. तात्यांनी वाकून बघितलं. कॉलेजात आज परीक्षा चालू आहेत, पण हे पान कोरं राहिलं नाही. तारीख घातली. रेश्माने खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, हितं सही कोनाची?"

मला ‘माझी’ म्हणता आलं नाही.

"असू दे मोकळी," मी म्हटलं. "उद्या पुन्हा करू."